नववी पाटी

मल्हारी, तुझ्या दहाव्याला मी नरसिंहपूरला आलो होतो. आजारपणात आलो नाही, मातीला आलो नाही, एकदम दहाव्याला आलो. इंदापूरकडची माणसं मला बघून बाजूला सरकली, त्यामुळे संगमाच्या काठावर उभं राहायला मला जरा जास्तच जागा मिळाली.

तू गेलास हे अजून मनाला पटत नाही, कारण माझ्या दिवसांत काहीच बदललेलं नाही. सहा वर्षं आपण बोललो नव्हतो. काल जशी शांतता होती तशीच आजही आहे. फक्त ती मोडायची सोय आता राहिली नाही.

लोक विचारतात, तुमच्या दोघांचं बिनसलं कशावरून. बांधाचं भांडण नव्हतं, पाण्याच्या पाळीचं नव्हतं, सोयरिकीचं नव्हतं. आट्यापाट्यांच्या एका सामन्यावरून, असं सांगितलं तर ऐकणारा हसेल. तू हसला नसतास. म्हणून हे तुलाच सांगतो, आणि रागानं सांगतो. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण सहा वर्षं तू माझ्या तोंडाला काळं फासून ठेवलंस, आणि ते पुसणारा एकटा तूच होतास. पुसलं नाहीस आणि निघून गेलास.

काटेवाडीला आपल्या शेजारशेजारच्या घरांमागं पडीक रान होतं, ते तुला आठवत असणार. घागरभर पाणी आणून आपण त्या मातीत रेघा ओढायचो. नऊ आडव्या पाट्या आणि त्यांना मधून कापणारी एक उभी सूरपाटी. निम्मी पोरं पाट्यांवर हात पसरून उभी, निम्मी त्यांना चुकवत पलीकडे जाणार आणि तशीच परत येणार. सगळ्या पाट्या ओलांडून जो अंगाला हात लागू न देता परत आला, त्यानं लोण आणलं. घागर नेहमी तूच आणायचास. ओल्या रेघा सुकायच्या आत डाव संपला पाहिजे असा तुझा हट्ट.

एकदा तुझ्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता. तू लंगडत माझ्या पाटीवर आलास आणि मी हात खाली घेतले. तू पलीकडे गेलास, खाली बसलास, दातानं काटा उपसलास आणि परत माझ्यासमोर येऊन उभा राहिलास. "आता धर," म्हणालास. मी धरलं आणि तू बाद झालास. त्या दिवशी तू इतका खूश होतास की मला तुझं काही कळेना.

कळायला हवं होतं. एवढं एक जरी ध्यानात ठेवलं असतं, तरी पुढचं झालं नसतं.

निरवांगीच्या तुझ्या मामाला मूल नव्हतं. त्यांनी तुला नेलं आणि तू इंदापूरचा झालास. मी बारामतीकडून उभा राहू लागलो. मग कितीतरी वर्षं आपण दोघं बिदागीवर खेळलो. जत्रा असेल तिथं बोलावणं यायचं, फेटा, नारळ आणि जेवणखाण व्हायचं. घरची माणसं म्हणायची, हे काय माणसाचं काम आहे? पण पाटीवर हात पसरून उभं राहिलं की मी जसा असायचो तसा भाजीच्या वाफ्यात कधी नव्हतो. तुझंही तेच होतं. उसाच्या सरीतून चालतानासुद्धा तू हुली देत चालायचास, वहिनी सांगायच्या.

आणि आपल्याकडची रीत तुला माझ्याइतकीच ठाऊक होती. शेजारणीकडून आलेली वाटी आपण रिकामी परत करत नाही. तसंच पाहुण्या संघाला कोरं पाठवायचं नाही. कितीही मोठा विजय होवो, शेवटच्या डावात कुणीतरी एक पाटी सैल करायची आणि पाहुण्यांना एक लोण नेऊ द्यायचं. हे बोलायचं नसतं. ज्यानं सोडली त्यानं सांगायचं नसतं, ज्यानं घेतलं त्यानं विचारायचं नसतं. बघणाऱ्यांना कळतं आणि तेही काही बोलत नाहीत. पाहुणे ताठ मानेनं जेवायला बसतात.

त्या वर्षी बारामती-इंदापूरच्या सालाबादच्या सामन्याला तुम्ही आमच्याकडे पाहुणे होतात, आणि पुण्याहून नवे नियम आले. शिट्टी आली, घड्याळ आलं आणि ती दोन्ही गळ्यात आणि हातात घालून एक मास्तर आले. एकूण तीन डाव, प्रत्येक डावाला ठरलेला वेळ. कऱ्हेच्या काठी मैदान आखलं होतं, पाण्यानं नाही, चुन्यानं. सूरपाटीवर धावणाऱ्या आमच्या केरबानं आम्हा सगळ्यांना गोळा केलं.

"अवंदा दान न्हाय," तो म्हणाला. "शिट्टी वाजंपर्यंत धरायची."

मी म्हटलं, "केरबा, पाहुणे हायत."

"पाहुणे जेवायच्या पंगतीला हायत. मैदानात न्हायत. नव्या पुस्तकात दान कुठं लिव्हलंय, दाखवा मला."

"रीत पुस्तकात लिव्हत्यात व्हय?"

"मग जावा, तुमच्या दोस्ताला वाटीत घालून द्या लोण." सगळे हसले. मीही हसलो. तुझ्यावरून मला कुणी चिडवलं की मला बरंच वाटायचं.

पहिल्या दोन डावांत तुमचा एकही माणूस परत आला नाही. आम्ही आयुष्यात असे खेळलो नव्हतो. केरबा सूरपाटीवर वाऱ्यासारखा फिरत होता. आमची लोणं होत गेली आणि तुमचा फळा कोरा राहिला. तुमचे रंगूतात्या, संघाचे म्होरके, काठावर बसून घसा बसेपर्यंत ओरडत होते. तिसऱ्या डावात तुमचे एकेक करत आठ बाद झाले. तू एकटा राहिलास.

तो तुझा खेळ मी विसरायचा म्हटलं तरी विसरणार नाही. पलीकडे जाताना तू सगळ्या पाट्या ओलांडल्यास, आणि परत फिरलास. बारामतीचे लोक, आमचे लोक, तुझ्यासाठी गप्प झाले. एक पाटी, दुसरी, तिसरी. केरबाला तू अशी हूल दिलीस की तो पडला. पडला तो मैदानाच्या पार टोकाला, तोंडावर. आठ पाट्या मागं टाकून तू माझ्यासमोर आलास. परतीच्या वाटेवरची नववी पाटी माझी होती. मास्तर घड्याळ बघत होते.

तुझी छाती भात्यासारखी हलत होती. तुझ्या गुडघ्यातून रक्त येत होतं. मी तुझ्या डोळ्यात बघितलं आणि माझ्या मनात आलं ते एवढंच: याला कोरं पाठवायचं नाही. तू हूल दिली नव्हतीस. तू अजून हललाही नव्हतास. तरी मी हूल बसल्यासारखं करून डावीकडे गेलो, सगळं अंग टाकून गेलो, आणि उजवीकडची पाटी तुझ्यासमोर मोकळी झाली. एक बैलगाडी गेली असती एवढी.

तू थांबलास.

मी पाटीवर वाकलेला, तू समोर उभा. मी हळूच म्हणालो, "जा." तू माझ्याकडे असं पाहिलंस, जणू मी तुझ्या ताटात उष्टं काहीतरी टाकलं होतं. मग तू हात खाली सोडलेस. मी सावरून परत मध्ये आलो आणि शिट्टी वाजली.

हे सगळं एका श्वासात झालं, म्हणून लोकांनी पाहिलं ते असं: मल्हारी दमला, दत्तोबानं पाटी सोडली नाही, इंदापूर कोरं गेलं. केरबानं मला उचलून घेतलं. चांदीचं कडं मला मिळालं. तुझे लोक पंगतीला बसले नाहीत. गाड्या जुंपल्या आणि उपाशी गेले. रंगूतात्या जाता जाता माझ्यासमोर थांबले आणि म्हणाले, "दत्तोबा, तुमच्याकडनं ही आपेक्षा न्हवती. दुसऱ्या कुनी केलं आसतं तर समजलो आसतो." तू गाडीत मागं तोंड करून बसला होतास. मी तुझ्याकडे बघत होतो. आता बोलेल, आता म्हणेल, तात्या, तसं नाही झालं. गाडी वळली.

तेव्हापासून सामना बंद पडला. ते कमी होतं म्हणून माझं इंदापूरला जाणंही अवघड झालं. माझी वांगी, टोमॅटो मी आठवड्याच्या बाजाराला तिकडेच न्यायचो. एका हॉटेलात चहा मागितला तर शेजारच्या बाकावरून एकजण ओरडला, "ह्यांना कोराच द्या रं. दूध घालू नगा, ह्यांच्याकडची पद्धत हाय ती." सगळं हॉटेल हसलं. मी म्हटलं, "मल्हाररावांना विचारा काय झालं ते." तो म्हणाला, "इचारलंय की. त्ये सोताच सांगत्यात, पाटी बंद हुती."

मल्हारी, तू गप्प राहिलास तोवर मी तुझ्या बाजूनं कारणं शोधत होतो. त्या दिवशी मला कळलं की तू गप्प नव्हतास. तू खोटं सांगत होतास.

मग आपण बारामतीच्या गुळाच्या पेठेत भेटलो. भेटलो म्हणजे मी तुला गाठलं. तू ढेपा उतरवून घेत होतास.

मी विचारलं, "का थांबलास?"

तू ढेप खांद्यावरून खाली ठेवलीस. "तू का सोडलीस?"

"रीत म्हणून."

"आठ पाट्या मी माज्या पायानं आलो, दत्तू. तवा कुनाला रीत आटवली न्हाई. नवव्या पाटीलाच बरी आटवली?"

"पाहुण्याला..."

"पाहुना हुतो व्हय मी? तुला?"

मी म्हटलं, "तुझ्या लोकांना खरं सांग. मला तुझ्या तालुक्यात पाणी कुणी विचारत नाही."

"काय सांगू? लोण समोर ठिवलं हुतं, म्या घेतलं न्हाई? माजी आठ मानसं उपाशी गेली त्या दिवशी. त्यान्ला सांगू, तुमी माज्या मस्तीपायी कोरं गेला म्हून?" मग तू आवाज खाली घेतलास. "तूच म्हन ना, सोडली न्हवती. मीबी तेच म्हनतो. दोघांचं एक हुईल."

"म्हणजे तुझं खोटं मी खरं करायचं?"

"तुझं काय जातंय? कडं तर तुज्याच हातात हाय."

मी तिथून निघालो. कडं मी त्यानंतर कधी घातलं नाही, पण ते तुला सांगायला थांबलो नाही. खरं म्हणजे मला राग आला होता तो कड्याचा नाही. तू म्हणालास त्यातलं एक वाक्य मला खरं वाटलं, त्याचा राग आला. पाहुणा होतास का तू मला? कदाचित तू मला खरोखरच चुकवलं असतंस. आठांना चुकवून आलेला माणूस नवव्यालाही चुकवू शकतो. ते मी तुला करून बघू दिलं नाही. हे मला गुळाच्या पेठेतून काटेवाडीपर्यंत चालत येताना कळलं. तरी मागं फिरलो नाही. माझ्याही अंगात ती मस्ती आहे, ती मी तुझ्यावर ढकलून मोकळा झालो.

त्यानंतर आपलं बोलणं नव्हतं, पण येणंजाणं होतं, आणि हे मी कुणाला सांगितलं तर तेही हसतील. माझा डावा बैल सर्प चावून गेला, ऐन भाजीला पाणी द्यायच्या दिवसांत. विहिरीवरची मोट बंद पडली. चौथ्या दिवशी तुझा गडी तुझी खिलारी जोडी घेऊन दारात उभा. निरोप काय म्हटलं तर म्हणाला, "निरोप न्हाय. बैलं हायत." दोन महिने ती जोडी माझ्याकडे होती. परत पाठवताना मी गड्याबरोबर पाटीभर वांगी दिली. ती पाटी चार दिवसांनी परत आली, त्यात भुईमुगाच्या शेंगा. माझी बायको म्हणाली, "दोघंबी एका बापाची असल्यागत हायसा. बोलायचं तेवढं सोडून समदं करताय."

माझा मळा त्या वर्षी तुझ्या बैलांनी वाचवला. ते उपकार मी नाकारत नाही. पण बघ मल्हारी, एका हातानं बैल द्यायचे आणि दुसऱ्या हातानं चारचौघांत माझी अब्रू दाबून धरायची, हे तुला जमलं कसं? मला तुझे बैल नको होते. मला तुझं एक वाक्य हवं होतं.

तू तापानं पडल्याचं मला श्रावणातच कळलं होतं. निरवांगीहून आलेल्या माणसानं सांगितलं, "मल्हारराव बोलत न्हाईत, नुस्तं बघत्यात." मी गाडी काढायला सांगितली आणि मग परत सोडायला सांगितली. माझ्या मनात आलं, बोलावणं तर आलेलं नाही. बोलावल्याशिवाय गेलो तर तो म्हणेल, पाहुणा आला. खरं सांगतो, मी वाट बघत होतो की तू आधी नमशील. आजारी माणूस नमतो असं मला वाटलं. एवढा हलका विचार मी केला, आणि तोपर्यंत तू गेलास.

आता दहाव्याचं सांगतो.

पिंड ठेवला होता. तुझा थोरला हात जोडून उभा होता. कावळे होते, समोरच्या चिंचेवर भरपूर होते, पण एकही खाली उतरेना. घरचे एकेक पुढं झाले. थोरला म्हणाला, आईला अंतर देणार नाही. तुझा भाचा म्हणाला, धाकटीचं लग्न मी करून देईन. वहिनी म्हणाल्या, उसाला पाणी चुकणार नाही. कावळा येईना. ऊन चढलं. बायका कुजबुजायला लागल्या.

तेव्हा रंगूतात्या माझ्याकडे वळले. सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "दत्तोबा, तुमी बोला. त्याचं तुमच्यापाशी काय तरी राह्यलंय."

मागून कुणीतरी म्हणालं, "काय बोलत्यात त्ये. कोरं पाठिवलं म्हून माफी मागतील."

"गप रं," रंगूतात्या म्हणाले. "तुला कुनी इचारलंय का?"

मी पुढं झालो. तुझं माझ्यापाशी काय राहिलं होतं ते मला ठाऊक होतं. गुळाच्या पेठेत तू ते तोंडानं मागितलं होतंस आणि मी दिलं नव्हतं. सगळं इंदापूर तिथं उभं होतं. त्या वेळी मी खरं सांगितलं असतं तर माझं नाव धुऊन निघालं असतं, निदान चार माणसांनी तरी विश्वास ठेवला असता. वहिनी माझ्याकडे बघत होत्या.

मी हात जोडले आणि मोठ्यानं म्हणालो, "मल्हारी, मी पाटी सोडली नव्हती. शिट्टी वाजेपर्यंत धरली होती. तू दमला होतास म्हणून राहिलास."

रंगूतात्यांनी मान खाली घातली. मागं कुणीतरी तोंडानं च्यक् केलं. त्या घडीला मी पाहुण्याला कोरं पाठवणारा माणूस झालो, माझ्याच तोंडानं, कायमचा. तुझी आठ माणसं आता कधीही म्हणणार नाहीत की मल्हारीनं आपलं लोण घालवलं.

आणि कावळा आला नाही.

मी वाट बघितली. सगळ्यांनी बघितली. चिंचेवरचे कावळे इकडची मान तिकडे करत बसले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि थोरल्याला अंघोळीला पाठवलं. माणसं पांगली. म्हणजे तेही तुला चाललं नाही. एकदा माझं लोण तुझ्यासमोर ठेवलं, तू घेतलं नाहीस. आता माझी अब्रू ठेवली, तीही घेतली नाहीस. मग हवं काय होतं तुला? सहा वर्षं मी हाच प्रश्न मनात घोळवला आणि तू जाताना त्याचं उत्तर आणखी लांब टाकून गेलास. तुझ्यासारखा दगा मला दुसऱ्या कुणी दिलेला नाही, आणि तुझ्याइतकं मला कुणी खरं धरलेलंही नाही. ही दोन्ही वाक्यं मी एकत्र लिहितो, कारण वेगळी लिहून बघितली आणि दोन्ही खोटी वाटली.

वहिनी जाता जाता थांबल्या. "भावजी, जेवून जावा," म्हणाल्या. एवढंच. आवाजात राग होता की नव्हता मला सांगता येणार नाही.

मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढं."

सगळे वर देवळाकडे गेले. नीरेचं पाणी आणि भीमेचं पाणी तिथं एकमेकाला लागून बराच वेळ वेगळं वाहतं, ते मी बघत होतो. मग पिंडाजवळ गेलो आणि उकिडवा बसलो. ओरडून सांगायला आता कुणी नव्हतं, म्हणून साध्या आवाजात बोललो.

"सोडली होती," मी म्हणालो. "तू आला असतास, मल्हारी. मी धरली असती तरी तू आला असतास. मला भीती वाटली."

हे मी कधी स्वतःलाही म्हटलं नव्हतं. रीत, पाहुणा, कोरं पाठवणं, हे सगळं खरंच होतं. पण आठ जणांना चुकवून तू समोर आलास तेव्हा त्याखाली आणखी एक विचार होता. तू मला सगळ्या बारामतीसमोर हरवशील, त्यापेक्षा मीच दिलेलं बरं. ते तू माझ्या डोळ्यात बघितलं होतंस. म्हणून थांबलास. आणि ते तू कुणाला सांगितलं नाहीस, निरवांगीतही नाही, पेठेत माझ्या तोंडावरही नाही.

मी उठलो, पाण्यात हात धुतले आणि देवळाच्या पायऱ्या चढू लागलो. मागं पंखांचा आवाज झाला असावा, किंवा नसेलही. तू घेतलंस की नाही ते बघायला मी थांबलो नाही.

वर पंगत बसली होती. रंगूतात्यांनी सरकून जागा केली, आणि मी तुझ्या घरचं जेवलो.